गेटवरचा किसनभाऊ

अभयारण्याच्या गेटवर पास लिहायला बसलं की किस्से आपोआप साचतात. त्यातले निम्मे तरी आमच्या किसनभाऊचे! नऊ वर्षं तो रोजंदारीवर गेट सांभाळत होता. नोकरीत कायम व्हायचं, एवढीच इच्छा. म्हणजे खरं तर कोणालाच दुखवायला नको होतं. पण नियम म्हटला की हा गडी कोणाचं ऐकेल तर शपथ!

*

वणीचे एक ट्रकमालक तिकीट न काढताच आत निघाले. "मले ओळखलं नाही का?"

"ओळखलं ना भाऊ! म्हणून तर तुमचं तिकीट पहिले फाडलं!"

*

एकदा त्याची सासूच आली. जावई गेटवर, मग तिकीट कायले?

किसनभाऊने स्वतःच्या खिशातले पैसे भरून तिकीट काढलं आणि म्हणाला, "मामी, जावई फुकट हाय, जंगल नाही!"

*

ती कापसाची वाईट वर्षं. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगाच रांगा. मारेगावकडचा एक शेतकरी भरलेला ट्रॅक्टर घेऊन थेट गेटवर आला. "चार दिवस झाले, नंबर लागून नाही राह्यला. म्हटलं, वाघ तरी पाहू!"

ट्रॅक्टरला आत बंदी. किसनभाऊने त्याचं रीतसर तिकीट काढलं, सफारीच्या एका जिप्सीत रिकामी सीट पाहून त्याला बसवलं. "कापूस मी पाह्यतो, तू वाघ पाह्य!" आणि खरंच, भर उन्हात तीन तास ट्रॅक्टरपाशी उभा राहिला. कोणाला जवळ बिडीसुद्धा पेटवू दिली नाही.

शेतकरी परत आला. "दिसला काय?"

"नाही ना भाऊ."

"म्हणजे इथंही नंबर नाही लागला!" दोघंही पोट धरून हसले. मला मात्र त्या दिवशी किसनभाऊच्या पाया पडावंसं वाटलं.

*

आणि मग ती मुलाखत. यवतमाळला, अकरा वाजता. जो हजर नाही, त्याचं नाव कायम करायच्या यादीतून बाद. त्याचे हजेरीचे कागद माझ्याकडे, म्हणून मीही जाणार होतो.

त्या आठवड्यात किसनभाऊची ड्युटी जंगलापलीकडच्या गेटवर होती. यवतमाळची बस आमच्या गेटसमोर थांबायची, म्हणून तो खात्याच्या जीपने इकडे आला. ड्रायव्हरने त्याच्यासाठी जीप पिटाळली होती. जंगलात वेगमर्यादा ताशी वीसची. तिकडच्या गेटवर चिठ्ठीवर वेळ टाकतात, इकडे तपासतात. लवकर पोचलेली, म्हणजे वेग मोडलेली गाडी उरलेली मिनिटं आडव्या बांबूपलीकडे उभी करायची, असा आमचा रिवाज.

मी बांबू वर करायला गेलो, तर किसनभाऊने उतरून तोच धरला!

"बाबूजी, चिठ्ठी पाहा. बारा मिनिटं बाकी हायत."

"अरे, आज तरी सोड! बस येऊन राहिली!"

"काल एका डॉक्टरले थांबवलं मी. आज मले कायले सोडता?"

तो दगडावर बसला. आमच्या डोळ्यांदेखत यवतमाळची बस निघून गेली. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो घड्याळ पाहत राहिला.

पुढची बस तासाभराने. पोचलो तेव्हा साहेब फाईल मिटून उठत होते. "इतका उशीर?"

किसनभाऊने हात जोडले. "साहेब, गेटवर बारा मिनिटं लवकर आलतो, म्हणून!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते खाली बसले आणि त्यांनी फाईल परत उघडली.