माझ्या खोलीतला मार्सेल

मार्सेल टिबडोचं सगळ्यांना कौतुक आहे. मला नाही. त्याच्याबद्दल चार शब्द सांग म्हणालात तर मी चाळीस सांगीन, आणि त्यातले चांगले असतील ते नाइलाजाने.

हवाई दलात आम्ही दोघं बरीच वर्षं एकाच विमानावर होतो. टँकर, म्हणजे उडता पेट्रोल पंप. दुसऱ्या विमानांना आभाळातच इंधन पाजायचं. तो लुइझियानाचा, दलदलीतला. मी नेब्रास्काचा, लिंकन शहराबाहेरच्या मक्याच्या शेतातला. पूर्णवेळची नोकरी सोडायची वेळ आली की आमच्यातला प्रत्येक पायलट एकच गणित मांडत बसतो. पोटापाण्यासाठी प्रवासी विमान कंपनी, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार गणवेश चढवायला नॅशनल गार्डची एखादी तुकडी. आता राहायचं कुठे? कंपनीच्या गावी, तुकडीच्या गावी, की आपल्या? ज्याचं तिन्ही एका जागी जुळलं त्याने मुकाट चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावावी.

मला लिंकनचीच तुकडी हवी होती. माझे वडील त्या तुकडीत जन्मभर मेकॅनिक होते. ते गेल्यावर आई, आर्लीन कुचेरा, त्या शेतातल्या घरात एकटीच राहिली. अर्धवेळ पायलटची एक जागा निघाली तेव्हा मी मनात म्हटलं, डेल कुचेरा, ही जागा तुझ्याच नावाची आहे.

पण गार्डमध्ये नुसत्या अर्जाने पान हलत नाही. तुकडीच्या स्वतःच्या बारमध्ये जायचं, लोकांना खाऊपिऊ घालायचं, गप्पा मारायच्या. विमान चालवता येतं का, हे कुणी विचारत नाही. या माणसाशेजारी दहा तास कॉकपिटमध्ये बसवेल का, एवढंच बघतात. म्हणून आईने पहाटे उठून परात भरभरून दालचिनीचे रोल भाजले. आमच्याकडे खिमा-राजम्याच्या चिलीबरोबर ते लागतातच. मार्सेल सुट्टीवर माझ्याकडे आला होता. मीच त्याला म्हटलं, "चल, माझं गाव बघ." मीच! कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे.

गाडीत तो नाक मुरडत होता. "तिखट चिलीबरोबर गोड रोल? तुम्हाला जेवायला कुणी शिकवलंच नाही का रे?"

"तू मगर खातोस. तू बोलू नकोस."

बिअरचं खोकं माझ्या हातात होतं, म्हणून रोलची परात त्याच्याकडे दिली. दारातून आत पाऊल टाकलं आणि घंटा वाजली. ठणाठणा! डोक्यावर टोपी तशीच राहिली होती. बारमध्ये टोपी घालून आलं की घंटा वाजते आणि सगळ्यांना आपल्या खर्चाने पाजायचं, हा नियम मला वडिलांनी शाळेत जायच्या आधीच शिकवला होता. पण घाबरलो होतो ना, विसरलो. बरं, हसून खिसा मोकळा करावा की नाही? मी वाद घातला. "काढतच होतो की, हात अडकले होते." दोघा-तिघांनी पाठच फिरवली.

मागून मार्सेल म्हणाला, "त्याच्या टोपीचं मी पाजतो. तोवर हे घ्या, गरम आहेत."

झालं. सगळे तुटून पडले. कुणीतरी विचारलं, "तू केलेस?"

"छे, मिस आर्लीननं." त्यांच्याकडे मोठ्या बायकांना असंच म्हणतात. बारमधल्या लोकांना वाटलं, ही मिस आर्लीन म्हणजे याची कुणी मैत्रीण. मी सांगायला तोंड उघडलं, तर तोंडात आईचाच रोल होता.

जागा मार्सेलला मिळाली. त्याने अर्जसुद्धा नंतर केला, त्यांनी सांगितल्यावर! आणि तुकडीने त्याचं टोपणनाव काय ठेवावं? 'दालचिनी'. बारमधल्या त्याच्या बिअरच्या पेल्यावर रंगाने लिहिलंय. माझ्या आईच्या ओट्यावरचं नाव त्या मगरखाऊच्या पेल्यावर! यालाच म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. मी जळलो. अजून जळतो. खोटं कशाला बोलू?

मला शेवटी ॲरिझोनातली तुकडी मिळाली, कंपनी डॅलसची, घरही तिथेच, आणि मन नेब्रास्कात. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या विमानात मागच्या सीटवर उशी शोधण्यात जायला लागलं. एक कुत्रा होता, तो शेजारणीने "तू नसतोसच" म्हणून ठेवून घेतला.

मार्सेलने लुइझियाना सोडलं नाही. महिन्याला ड्रिलपुरता, म्हणजे त्या गणवेशाच्या शनिवार-रविवारपुरता, लिंकनला यायचा. एकदा आईचा फोन आला. "अरे, तो बिचारा मोटेल शोधत होता. म्हटलं, वेडा आहेस का? डेलची खोली नुसती पडलीय."

"नुसती पडलीय म्हणजे? माझी खोली आहे ती, आई."

"तुझीच आहे रे. पण तू कुठे आहेस?"

त्यानंतर प्रत्येक फोनवर मार्सेलपुराण. मार्सेलने अंगणातला बर्फ काढला. मार्सेलने बाबांचा ट्रॅक्टर सुरू केला. मार्सेल चिलीबरोबर चार रोल खातो. "आणि मला मिस म्हणतो," आई लाजून सांगायची. मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात येतो, आई." ती म्हणायची, "ये हो." तो पुढचा महिना काही उगवत नव्हता.

तिसऱ्या हिवाळ्यात लिंकनला दुसरी जागा निघाली. मी अर्ज केला, बारमध्ये गेलो, टोपी दारातच काढली. बिअर नेली. आईकडून रोल काही मागितले नाहीत, तेवढा अभिमान होता. आठवड्याभराने तुकडीच्या कर्नलचा फोन आला.

"कुचेरा, जागा तुझी. लोकांचं मत जरा दोन्हीकडे होतं, खरं सांगतो. पण दालचिनी उठून म्हणाला, त्याला राग येतो तो फक्त माझा, बाकी माणूस सोन्यासारखा आहे. त्याच्याबरोबर दहा काय, वीस तास बसतो."

उपकार! आणि तेही त्याचे! फोन ठेवून मी भिंतीला लाथ मारली, अंगठा सुजला, आणि मग खुर्चीवर बसून रडलो. मला घरी जायचं होतं हो. बाकी काही नको होतं.

डॅलसचं घर सोडलं. सामान गाडीत कोंबून पहिल्या ड्रिलच्या आदल्या संध्याकाळी आईच्या दारात उभा राहिलो. तिने मिठी मारली, गाल ओढले. मी बॅग उचलून जिन्याकडे वळलो.

"अरे, तिकडे नको. मार्सेल आलाय ना. तुझं अंथरूण सोफ्यावर घातलंय."

वरून आवाज आला, "डेल, मी खाली झोपतो!"

"गप रे, तुझी पाठ दुखते," आई ओरडली. माझ्या पाठीची चौकशी कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये माझं बारसं झालं. मार्सेलने सोफ्याची कथा साग्रसंगीत सांगितली, आणि लोक टेबलं बडवायला लागले. कर्नलने माझा पेला वर धरला. त्यावर ओल्या रंगात लिहिलं होतं, 'पाहुणा'. ज्या तुकडीत माझ्या बापाची हाडं झिजली तिथे पाहुणा! मी हसलो. घंटेच्या दिवशी हसायला हवं होतं ते आता हसलो.

रविवारी दुपारी ड्रिल संपली. मार्सेल घरी आला, आईच्या गालाचा मुका घेतला, "मिस आर्लीन, जपा" म्हणाला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याची गाडी शेताच्या टोकाला वळेपर्यंत आई खिडकीशी उभी होती.

मग ती माझ्याकडे वळली. "तुझं विमान किती वाजता रे? डबा देऊ?"

"आई, फोनवर सांगितलं होतं ना. मी आता इथेच राहणार. कायमचा."

"ते तू दरवेळी सांगतोस."

"गाडीत बघ. सगळं सामान आहे."

ती खरंच बाहेर गेली. काचेला नाक लावून माझी खोकी, दिवा, बूट सगळं बघितलं. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. मला वाटलं, आता तरी आपलं म्हणेल.

"मग सोफ्यावरची चादर काढ," ती म्हणाली. "वर जाऊन झोप. खोली तुझीच आहे, पुढच्या ड्रिलपर्यंत."