माहेरचा धडा

पालमजवळच्या एका खेड्यात सुलाबाई बारा वर्षांपासून आशाताईचं काम करते. कुठल्या सुनेला कितवा महिना, कोणाच्या लेकराची कोणती लस राहिली, सगळं तिला तोंडपाठ. एवढी खमकी बाई, पण दिल्लीहून पाठवलेल्या, हिंदी न येणाऱ्या दक्षिणेकडच्या तपासणी मॅडम आल्या नि यादीतल्या चार गरोदर बाया घरी का नाहीत, असं इंग्रजीतून विचारू लागल्या, तेव्हा तिची दातखीळच बसली. बाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्यात, एवढंच सांगायचं होतं. सोबत आलेले तालुक्याचे साहेब मराठीचं इंग्रजी करून सांगायचं सोडून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. मॅडमनी शेरा मारला: बायांकडे लक्ष नाही. पुन्हा असा शेरा आला तर काम जाणार होतं. पण काम जाण्याच्या धास्तीपेक्षा तो शेराच तिला जास्त झोंबला.

तालुक्याला दर शनिवारी दुपारी आशाताईंसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. राजेश्वर सर तरुण, जीव तोडून शिकवत. पुस्तक मात्र विमानतळ, हॉटेल, समुद्रकिनारा असलं. "धडा आवडला ना?" असं सरांनी विचारलं की सगळ्या माना डोलवत. सरांच्या पुस्तकाला तोंडावर नावं ठेवायची आपल्याकडे रीतच नाही!

शेऱ्यानंतरच्या शनिवारी सुलाबाई वर्गात उठली. "सर, राग मानू नका. आमाला कुठं इमान पकडायचंय? माहेरचा धडा द्या."

वर्गात खसखस पिकली. सरांनी मात्र पुस्तक मिटलं, फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं आणि अर्थ सांगितला: ती विश्रांतीसाठी आईकडे गेली आहे.

"विश्रांती?" सुलाबाई म्हणाली. "सर, तुमचं लगीन न्हाई झालं वाटतं. बाळंतपणाला गेली म्हणा. आन् मी दर सोमवारी तिला फोन करते, ते आधी घाला. तेच तर कुणाला दिसंना."

मग बायांनी सांगायचं नि सरांनी लिहायचं, असं करत तो धडा तयार झाला.

दोन महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या. प्रश्न तोच. सुलाबाईनं अडखळत का होईना, धडा शेवटपर्यंत म्हटला आणि फोनच्या तारखांची वही पुढे केली. मॅडमनी तारखा नीट तपासल्या, जुना शेरा खोडला. तेवढ्यात मॅडमनी आणखी काहीतरी विचारलं. ते धड्यात नव्हतं.

सुलाबाईनं वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन मॅडमच्या हातात दिलं.

"इथं लिवा, मॅडम. शनिवारी सरांकडनं ह्याचा धडा करून घेते."