ओटा नसलेली खोली

मी औषधांच्या कारखान्यात काम करतो. नवीन यंत्र आलं की ते ठरल्याप्रमाणे चालतं की नाही हे तपासायचं आणि त्याचे कागद तयार करायचे, हे माझं काम. आमच्याकडे जी गोष्ट कागदावर नाही ती घडलीच नाही असं मानतात. अशा कामात दहा वर्षं काढली की माणूस थोडा चक्रम होतोच. स्पेनच्या सहलीसाठी मी केलेली यादी तीन पानांची होती. ती बघून बायकोने विचारलं होतं, "यावर सही कोण करणार?"

सहल आईसाठी होती. आमची मुलगी पाच वर्षांची, आम्ही डब्लिनच्या कडेला ल्यूकनला राहतो तिथल्या शाळेत अगदी पहिल्या वर्गात. इथे लहान मुलांची शाळा दुपारी सव्वा वाजता सुटते. बायकोचं ऑफिस चेरीवूडला, म्हणजे डब्लिनच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माझा कारखाना त्याहून लांब. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे जागा ईस्टरच्या सुट्टीनंतरच होणार होती. मग अशा वेळी इथले मराठी लोक जे करतात तेच आम्ही केलं, सांगलीला फोन लावला. आई जानेवारीच्या शेवटी आली, तीन महिन्यांसाठी. बाबा आले नाहीत. त्यांना थंडी सोसत नाही. खरं म्हणजे त्यांना त्यांच्या खुर्चीशिवाय काहीच सोसत नाही.

आठवड्याभरात आईने आमचं घर ताब्यात घेतलं. सकाळी आम्ही जिन्यावरून खाली यायचो तेव्हा तीन डबे भरून ठेवलेले असायचे. पहिल्या दोन-चार दिवसांत फोडणीच्या धुराने घरातला अलार्म कोकलला. मग मागचं दार आधी उघडायचं आणि मोहरी नंतर टाकायची, हे ती शिकली. सव्वाला ती पावसातून नातीला आणायची, जेवू घालायची, झोपवायची. नात इंग्रजीत बोलायची, तेही इथल्या सुरात, आणि आजी मराठीत. दोघींचं काही अडत नव्हतं. नातीमुळे कपाटाला आईसुद्धा 'प्रेस' म्हणू लागली. "साखरेचा डबा प्रेसमध्ये ठेवलाय गं," असं ती सुनेला सांगायची आणि मी हसलो की माझ्यावर डोळे वटारायची.

शिवाय संध्याकाळी सांगलीचा फोन असायचाच. बाबांना कुकरची शिट्टी सापडत नसे, नाही तर हिंग. आई इथल्या ओट्याशी उभी राहून तिथला ओटा चालवायची. "अहो, डाव्या हाताचा वरचा डबा. डावा. तुमचा डावा."

हे सगळं मला दिसत होतं. मी काही आंधळा नव्हतो. आई सत्तरीला आलेली, उजवा गुडघा धरतो, आणि मी तिला तीन महिने राबवून परत पाठवणार, हे मला ती यायच्या आधीपासूनच टोचत होतं. म्हणूनच मी ती सहल आखली होती. ईस्टरच्या सुट्टीत चार रात्री मालागाला जायचं, उन्हात, आणि तिथे आईने फक्त आराम करायचा. तिला विश्रांती मिळाली पाहिजे, बाकी काही बघून झालं नाही तरी चालेल, असं मी यादीच्या वरतीच लिहिलं होतं.

आमचे पासपोर्ट आता आयर्लंडचे, पण आईला स्पेनचा व्हिसा वेगळा लागणार होता. तो भारतातूनच काढायचा होता आणि त्यासाठी हॉटेलचं बुकिंग दाखवणं भाग होतं. त्यामुळे मी डिसेंबरातच, ती यायच्या आधी, खोली ठरवून टाकली होती. दोन आठवडे मी त्यावर घालवले. लिफ्ट आहे का, हे फोटोत बघितलं. बाथटबच्या कडेवरून पाय टाकायला लागू नये म्हणून नुसता शॉवर असलेली जागा शोधली. बादली आणि तांब्या इथून न्यायचे ठरवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वयंपाकघर. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, परक्या ठिकाणचं तेल कुठलं असेल या शंकेनेच तिचं पोट बिघडतं. तेव्हा मी एक अशी खोली घेतली जिच्यात चकचकीत ओटा होता, इंडक्शनची शेगडी होती, फ्रिज होता आणि भाजीबाजार चालत चार मिनिटांवर होता. यापेक्षा आरामाचं काय असणार, असं मला मनापासून वाटलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी मी लॅपटॉप टेबलावर ठेवून आईला सगळे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून नीट बघितले.

"कुकर आहे का तिथं?" तिने विचारलं.

"आपला छोटा नेऊ की!" मी म्हणालो.

"मग डाळ-तांदूळ पण इथनंच न्यावेत. पोळपाट नको, जड होईल. लाटणं तेवढं घेते."

मी खूश. आई सहलीत रमली, असं मी बायकोला सांगितलं. पुढच्या आठवड्यात जिन्याखाली एक पिशवी भरायला लागली. मूगडाळ, तांदूळ, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, छोटा कुकर. मी रोज येता-जाता ती पिशवी बघायचो आणि मला समाधान वाटायचं.

मग एका संध्याकाळी मी जरा लवकर घरी आलो. आई स्वयंपाकघरात बाबांशी फोनवर बोलत होती, पाठ माझ्याकडे होती. मी पॅसेजमध्ये बूट काढत होतो. बाबांनी विचारलं असावं, स्पेनला जाणार म्हणून आनंद झालाय का.

"आता काय सांगू," आई म्हणाली. "पोरगं हौसेनं नेतंय. पण तिथंही ओटाच आहे हो. खिडकीतनं वेगळं काहीतरी दिसेल, एवढंच."

ती तक्रार करत नव्हती. पाऊस पडतोय असं सांगावं तसं ती हे सांगत होती, आणि पुढच्याच वाक्याला ती बाबांना कढीला बेसन किती लावायचं ते समजावू लागली.

मला आधी राग आला. माझा स्वभावच तसा आहे, लाज वाटायच्या आधी मला राग येतो. दोन आठवडे डोळे फोडून शोधलं, लिफ्ट बघितली, शॉवर बघितला, आणि हिचं हे! मी वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं, आवाज चढवून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आईंनी कधी म्हटलं होतं, मला स्वयंपाकघर हवंय म्हणून?" तिने विचारलं.

"तिला बाहेरचं चालत नाही."

"तुला चालत नाही. तुला दुसऱ्या दिवशी वरण-भात लागतो. आई गेल्या शनिवारी शहरात केवढा मोठा पिझ्झा खाऊन आल्या, नातीबरोबर. तुला सांगितलं नाही."

"मग मला आधी का नाही बोललीस?"

"बोलायला हवं होतं. मलाही आयतं जेवायला मिळत होतंच की इथे."

मी पलंगावर बसलो. यंत्र घ्यायच्या आधी ते जो वापरणार त्याला काय हवंय हे विचारून लिहून घ्यायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नवीन पोरांना मी तो स्वतः शिकवतो. तीन पानांच्या यादीत आईला विचारलेला एकही प्रश्न नव्हता. मला फार लाज वाटली. आराम म्हणजे आईच्या हातचं गरम जेवण, अशी माझ्या डोक्यात चाळीस वर्षांची समजूत होती, आणि तोच आराम मी तिला द्यायला निघालो होतो.

त्याच रात्री मी आधीचं बुकिंग रद्द केलं आणि उलटी यादी केली. ओटा नको, शेगडी नको, फ्रिज नको. मालागाच्या जुन्या भागात, गल्लीत, एक साधंसं दोन तारांकित हॉटेल सापडलं. बारा-पंधरा खोल्या, लहानशी लिफ्ट, खाली नाश्त्याची खोली. तिथल्या बाईंना मी मेल लिहिला. माझी आई मांस, मासे, अंडी खात नाही, तिला रस्त्याच्या आवाजाने झोप येत नाही, आणि तिला गुडघ्याचा त्रास आहे. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पाव, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, फळं आणि कॉफी रोज असतात, मागच्या चौकाकडची शांत खोली देऊ. मात्र खोलीत चहाची किटली नाही, त्याबद्दल क्षमस्व.

"एवढं एक बघतो, किटली असलेलं दुसरं मिळतं का," मी म्हणालो.

"मुळीच नको," बायको म्हणाली. "किटली दिसली की त्या सगळ्यांचा चहा करतील."

आईसाठी वेगळी खोली घ्यायचीही तिचीच कल्पना. आईला हे सांगितलं तेव्हा ती चक्क घाबरली. "एकटीला खोली? मी काय करू एकटी?" मग म्हणाली, "मी कधी एकटी झोपलेच नाही रे." माहेरी चार बहिणी, मग लग्न, मग आम्ही. मला हे सगळं ठाऊक होतं, पण असं सलग मांडून मी ते कधी बघितलं नव्हतं.

पिशवीवरून मात्र आमचं वाजलं. मी ती रिकामी करायला घेतली आणि आई मध्ये आली.

"अरे पण तुम्ही खाणार काय?"

"मिळेल ते."

"पोरीला वरण-भात लागतो."

"इट्स ग्रँड, आजी," पोरगी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. इथल्या बोलीत म्हणजे, चालेल.

"मला जमायचं नाही नुसतं बसून," आई म्हणाली. आता ती खरंच चिडली होती. "जित्याची खोड आहे ती. उगाच मला तिकडं नेऊन पाहुणी करू नका."

मी कुकर परत कपाटात ठेवला. तिने मेतकुटाची पुडी हळूच पर्समध्ये सरकवली, ती मी बघितली आणि सोडून दिली. विमानतळावर जाताना ती गाडीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या मनात धाकधूक होती. आधी मी तिला न विचारता ओटा दिला होता, आता न विचारता काढून घेतला होता. ही दुसरी चूक तर नसेल?

पहिला दिवस तसाच गेला. ऊन छान होतं, पण आई सारखी हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी वागत होती. जेवणाच्या टेबलावर तिने सगळ्यांच्या ताटल्या एकात एक रचून ठेवल्या. वेटर हसला. रात्री तिला तिच्या खोलीत सोडलं, दाराचं कार्ड कसं लावायचं ते दोनदा दाखवलं आणि साडेआठला नाश्त्याला बोलवायला येतो असं सांगितलं.

साडेआठला मी दार वाजवलं. उत्तर नाही. "आई," मी हाक मारली. काही नाही. पावणेनऊला पुन्हा गेलो, जोरात वाजवलं. सव्वानऊला तिसऱ्यांदा गेलो. आई पाचला उठणारी बाई. परक्या देशात, आतून बंद खोलीत, एकटी. बाथरूममध्ये पाय घसरला असेल. हा सगळा उपद्व्याप माझा. मी धावत खाली आलो आणि काउंटरवरच्या बाईंकडे दुसरं कार्ड मागणार, तेवढ्यात बायकोने माझी बाही धरली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी दाराला कान लावून आले. आत नळ चालू होता."

पावणेदहाला आई आली. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, निळी कॉटनची साडी. लिफ्टमधून उतरून ती सावकाश चालत आली आणि नातीच्या शेजारी बसली. वेटरने तिच्यापुढे टोमॅटो लावलेला भाजका पाव ठेवला आणि दुधाची कॉफी ओतली. तिने मान हलवली, उठली नाही.

"काय गं आई," मी म्हणालो. "किती वेळ दार वाजवत होतो! एवढी गाढ झोप?"

"झोप कसली? पाचलाच जाग आली होती."

"मग?"

"मग काय, पडून होते. कबुतरं ऐकत." तिने पावाचा तुकडा मोडला. "तू तीनदा आलास ना? ऐकलं मी. पहिल्यांदा उठून बसले सुद्धा. मग म्हटलं, वाजवू दे. यांना भूक लागली तर खाली आहे की सगळं."

आयुष्यभर मी हाक मारली आणि ही उठली नाही, असं कधीच झालं नव्हतं. मी तिच्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला, वर थोडं तेल घातलं. तिने घालू दिलं.