नंदाबाईंनी सुधारलेला चेतातंतू

नंदाबाईंचा हात म्हणजे यंत्र, असं अख्खी रत्नागिरी म्हणते. बाई मूळच्या मंडणगडच्या. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, दुसऱ्यांचे तक्ते रंगवले, पण स्वतःचं नाव कुठे छापून आलं नाही, ही त्यांची एकच खंत. म्हणून आमच्या कॉलेजातल्या प्रज्ञेश सरांनी, म्हणजे त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याने, विज्ञान-अंकासाठी चित्र मागितलं तेव्हा बाई हरखून गेल्या. मी, श्रुती, तिथे प्रयोगशाळेत मदतनीस, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोरच घडलं.

चित्र हवं होतं उंदराच्या मेंदूतल्या एका चेतातंतूचं. तंतूला फांद्या आणि फांद्यांवर बारीक फुगवटे. या फुगवट्यांतूनच निरोप शेजारच्या पेशीला पोचतो. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि असं देखणं चित्र काढलं की संपादकांनी थेट मुखपृष्ठच देऊ केलं.

प्रज्ञेश सर मात्र चाचरत म्हणाले, "बाई, फुगवटे सगळे एका मापाचे, सारख्या अंतरावर आलेत."

"मग? वेडेवाकडे होते ते. मी नीट करून दिले."

घ्या! जन्मभर पोरांची चित्रं सुधारली, आता मेंदूही सुधारला.

"ते वेडेवाकडेच असतात, बाई," सर म्हणाले. बाई फणकाऱ्याने पुन्हा सूक्ष्मदर्शकावर बसल्या आणि या खेपेला उठेचनात.

"बघ गो श्रुती, हितं नुसती दाटी, आन् पुढं सगळं उजाड. ह्या टोकाला एकच हाय, पन केवढा टपोरा! असं का रे प्रज्ञेश?"

"थोडं कळलंय, बाई. बरंचसं अजून कुणालाच नाही."

"कुनालाच नाय?" बाईंचा राग कुठल्या कुठे पळाला.

पण अंक छपाईला चालला होता. नवं चित्र वेळेत होणं शक्य नव्हतं. संपादक म्हणाले, "जुनंच देऊ. कुणाला कळतंय? खाली तुमचं नाव ठळक अक्षरात."

बाईंनी ते चित्र हातात घेतलं, नीट पाहिलं आणि फाडलं. मी तुकडे उचलायला वाकले.

"नाव माझं घालनार," त्या म्हणाल्या, "मग मला दिसलेलं नको काय त्यात?"

अंक आला. मुखपृष्ठावर आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याचा फोटो. मला फार वाईट वाटलं. अंक घेऊन मी सूक्ष्मदर्शकापाशी गेले, तर बाईंनी मान वर न करताच तो बाजूला सारला.

"गप ऱ्हा जरा. ही फांदी फुटून दोन झाल्यात, आन् एकीवर फुगवटाच नाय. का नाय, ता बघतंय."