जिजींची निळी

जिजी माप घ्यायच्या ते माणसाला जमिनीवर आडवं करून. घरात टेप होता, माझ्या शिवणाच्या डब्यात फूटपट्टी होती, पण जिजींनी त्यांना कधी हात लावला नाही. गोधडी कोणासाठी आहे ते ठरलं की त्या जुनं लुगडं फरशीवर पसरायच्या आणि म्हणायच्या, "चल, लेट इथं." मग डोक्याच्या वर एक वीत, पायांच्या खाली एक वीत सोडून खडूनं खूण करायच्या. कुशीवर झोपणाऱ्याला कुशीवरच वळायला लावायच्या. आमचे दूधवाले भैया, साठीचे, पांढऱ्या मिशांचे, आमच्या समोरच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन पडलेले मी पाहिले आहेत. "ऐसे ही सोते हो ना? शरमाओ मत," असं जिजी त्यांना म्हणत होत्या.

जिजी म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत त्यांचे यजमान गेले आणि त्या भावाकडे, इकडे हिंदी मुलखात, कांचघरला आल्या. मी या घरात आले तेव्हा समोरची खोली त्यांची होती आणि शेवटपर्यंत त्यांचीच राहिली. मी आल्यापासून त्यांनी बेचाळीस गोधड्या शिवल्या. हा अंदाज नाही, मला मोजायची सवय आहे. चौदा घरातल्यांना, अठ्ठावीस बाहेरच्यांना. पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही एक मिळाली. मला एकही नाही. इतक्या वर्षांत "चल, लेट इथं" हे मला त्या कधी म्हणाल्या नाहीत.

त्यांची स्वतःची आवडती गोधडी एकच. तिला घरात सगळे 'निळी' म्हणायचे. काठ माझ्या नवऱ्याच्या फॅक्टरीतल्या जुन्या निळ्या युनिफॉर्मचे, आत सासूबाईंची दोन लुगडी, आणि मधोमध आमच्या मुक्ताचा पिवळा फ्रॉक. मुक्ता तेव्हा तीन वर्षांची होती. "ही कोणासाठी?" मी विचारलं होतं. "ही कोणाची नाही वो. ही माझी." बाकीच्या गोधड्या एकदा दिल्या की जिजी त्यांच्याकडे वळून बघत नसत. निळीचा मात्र एक टाका उसवला तरी हातातलं काम टाकून सुई ओवायच्या.

मुक्ता शाळेतून आली की दप्तर दारात टाकून सरळ निळीत शिरायची. जेवायला तीन हाका माराव्या लागत. ताप आला तर मी डोक्यावर पट्ट्या ठेवायची आणि ती म्हणायची, "जिजी की ओढा दो." मला जिजींचा हेवा वाटायचा, आणि त्या गोधडीचाही. नवरा हसायचा. "कपड्यावर काय जळून राहिली?"

शेवटी मीही एक शिवली. साठ बाय नव्वद इंच, दोन ओळींत बरोबर एक इंच अंतर, चारही कोपरे काटकोनात. दोन महिने लागले. मुक्ता तेव्हा आठवीत होती. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "मम्मी, ये तो बेडशीट जैसी है." जिजींनी ती उजेडात नेऊन पाहिली. "किती साफ शिवली बाई! मला नाही जमत असं." त्या मनापासून बोलल्या होत्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला परत करता आला असता.

दोन वर्षांपूर्वी मुक्ताला पुण्याला नोकरी लागली. मी विजय नगरला जाऊन चांगली रजई आणली आणि तिची बॅग स्वतः भरली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पाहते तर जिजींनी रजई काढून निळी घडी करून आत बसवली होती. त्यांच्या पलंगावर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नुसती चादर दिसली.

तेव्हा मला राहवलं नाही. "जिजी, बेचाळीस गोधड्या झाल्या तुमच्या. मला एक काहून नाही?"

जिजी पलंगाच्या कडेला बसल्या. लुगड्याचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मला भेव वाटते वो तुझं. तू टाके मोजशील."

"मी कशाला मोजू?"

"मोजते तू. तुझ्या भाचीसाठी मी शिवली होती तेव्हा टेप लावला होतास. तुझी नागपूरची वहिनी बसली होती समोर. एक काठ अडीच इंच कमी आहे म्हणालीस."

मला आठवलं. माझ्या लग्नानंतरचं तिसरं वर्ष असेल. मी दोनदा मोजलं होतं आणि माझं माप बरोबर होतं. जिजी तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "असू दे, माणसाचाही एक खांदा खालीच असतो." सगळे हसले होते. माझ्या लेखी तो विषय तिथंच संपला होता. मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "रागावली नाही मी. पण हात चालत नाही मग." आणि चहा ठेवायला उठल्या.

त्यानंतर त्यांनी गोधडी शिवली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, पण सुई ओवता येईना. गेल्या श्रावणात त्या गेल्या. दूधवाले भैया त्या दिवशी दाराशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. मी रडले नाही. घरात माणसं होती, सगळ्यांचं जेवणखाण बघायचं होतं.

या डिसेंबरात निळी कुरिअरनं परत आली. मुक्तानं ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती. एक काठ पूर्ण उसवला होता, आतलं लुगडं गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलं होतं. फोनवर ती म्हणाली, "मम्मी, प्लीज ठीक कर दो ना. और किसी से नहीं होगा." मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं.

पहिल्या दिवशी मी एक ओळ घातली. ती जिजींच्या ओळींमध्ये रेघ मारल्यासारखी वेगळी दिसत होती. उसवली. मग जिजींचे टाके पट्टीनं मोजले, तसेच घालावे म्हणून. तीन, पाच, चार, सात मिलिमीटर. हिशेब लागेना. तीनदा घातली, तीनदा उसवली. चौथ्यांदा चष्मा काढून ठेवला आणि बोटांच्या अंदाजानं शिवत गेले. ती ओळ मिसळली. आता माझी कुठली आणि त्यांची कुठली, हे मलाही सांगता येत नाही.

हे काम होऊन अकरा दिवस झाले. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी समोरच्या खोलीत जाते, दार लोटते आणि निळी पांघरून पडते. पाय जरा बाहेर राहतात. कुशीवर वळलं की पुरते.

मुक्ताचा फोन दुपारीच येतो, तिच्या लंच टाइममध्ये. काल पडल्या पडल्याच घेतला.

"मम्मी, हो गई क्या निळी?"

"थोडी राहिली आहे. चार-पाच दिवस लागतील."

"इथे थंडी खूप आहे गं."

"इकडंही आहे," मी म्हणाले आणि गोधडी खांद्यापर्यंत ओढून घेतली.