दाराची किल्ली माझ्याकडे होती

भिवा गेल्याचं त्याच्या सुनेने, सुनंदाने, फोनवर कळवलं. "नानाकाका, बाबा गेले. सकाळी पेज घेतल्यानी, जरा पडतंय म्हणाले, आणि..." फोन ठेवला आणि दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पण साठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती आणि त्यातला एक गेला होता. आता ती कोणी बोलणार नाही, असं मनात आलं. ते फार टिकलं नाही. संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की भिवा होता तोवर, "त्याचीच इच्छा नाही, मी कशाला बोलू" असं म्हणण्याची सोय होती. तीही गेली.

आमचा गाव तोंडवलीपासून थोडा आत, खाडीच्या काठावर. भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, खाडीच्या पाण्याच्या पातळीलाच. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार. भरतीला ते लावायचं, ओहोटीला उघडायचं, म्हणजे शेतात वर आलेला खार निघून जातो, आणि डोंगराकडच्या व्हाळाचं गोडं पाणी त्याच्या जागी येतं. सगळं एवढंच, पण चुकलं तर दहा-बारा घरांचं भात गेलं. या दाराची राखण भिवाच्या घराकडे कितीतरी पिढ्या चालत आलेली. भात झोडलं की प्रत्येक घरातून राखणीचं म्हणून सूपभर भात त्यांच्याकडे जाई. त्या सुपापेक्षा देवळात त्यांचा नारळ आधी वाढवत, याचं भिवाच्या बापाला मोल जास्त होतं. भिवा चौथीत शाळा सोडून बापाबरोबर बांधावर गेला, मी मालवणला मॅट्रिकपर्यंत शिकलो. सुट्टीत आलो की त्याच्याबरोबर बांधावर बसत असे. ओहोटी लागल्याचं त्याला माझ्या आधी कळे. कसं, म्हणून विचारलं तर म्हणाला, "चिखलाचो वास बदलता. तू मालवणाक जावन नाक हरवून इलंस."

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा मी शेतकी खात्यात लागलो. नोकरी तात्पुरती होती, दर वर्षी मुदत वाढवून मिळायची. वडील नव्हते, घरात आई आणि दोन बहिणी. त्या काळात देशात धान्य कमी, बाहेरून जहाजांनी येई, आणि वरून हुकूम आला होता की जपानी पद्धतीची भातशेती गावोगाव करून दाखवायची. गादीवाफ्यावर रोपं, दोरी लावून सरळ रांगा, सुधारलेलं बियाणं, पांढरं रासायनिक खत. प्रत्येक कर्मचाऱ्याला इतके एकर असा आकडा ठरवून दिलेला. पद्धत वाईट नव्हती. डोंगरउतारावरची वरकस जमीन सोडली तर गोड्या पाण्याच्या शेतात मी या पद्धतीने दुप्पट भात आलेलं पाहिलं आहे. पण आमच्या भागात गोड्या पाण्याची शेतं ज्यांची होती त्यांनी मला दारात उभं केलं नाही. आकडा भरायला मला भिवा उरला.

आमच्या खार जमिनीत लोक खारा मुणगा पेरत. लाल, जाड भात. बी भिजवून मोड आणायचे आणि खार धुऊन निघाला की चिखलात फेकायचं. मालवणच्या दुकानदारांना हा तांदूळ नको असे, गिऱ्हाईक पांढरा मागतं म्हणत. भिवाला मी तेच सांगितलं. पांढरा तांदूळ, दुप्पट पीक, दुकानदार तुझ्या दारात येईल.

"जपानात खाडी आसा?" त्याने विचारलं.

"असेल की. चारी बाजूंनी समुद्र आहे."

"मगे थंयचो भिवा काय करता, ता इचारून ये आणि सांग."

मी चिडलो, तो हसला, आणि मग तयार झाला. माझ्यासाठी झाला, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दोरी धरून रांगा लावताना दिवसभर त्याची थट्टा चालली होती. "शाळेत्सून पळालंय, आता भाताक रांगेत उभा करतंय." रोपं मात्र सुरेख धरली. श्रावणाच्या सुरुवातीला तो तुकडा असा दिसत होता की वाटेने जाणारी माणसं थांबत. मी वर कळवलं, आणि मोठे साहेब पाहायला येणार असं ठरलं.

खत दिलं की चार-पाच दिवस शेतातलं पाणी सोडायचं नाही, नाहीतर खत वाहून जातं, असं आमच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. गावातली पोरं खेळता खेळता दार वर करतात म्हणून मी खात्याकडून एक कुलूप आणलं होतं आणि किल्ली बांधावर सगळ्यांच्या देखत भिवाच्या हातात दिली होती. सगळ्यांनी पाहिलं ते इतकंच. खत दिलं त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन ती परत मागून घेतली. साहेब येईपर्यंत माझ्याकडे राहू दे म्हणालो. तो ओहोटीला दार उघडणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने मान हलवली आणि किल्ली काढून दिली.

साहेब आले नाहीत. निरोप आला, परवा येतो. परवाचं पुन्हा पुढे गेलं. पावसाने उघडीप दिली होती, ऊन कडक होतं आणि साठलेलं पाणी आटत चाललं होतं. चौथ्या दिवशी भिवा माझ्या घरी आला. "नाना, खार वर इलो. पाणी जिभेक लावून बघलंय. आज ओहोटीक सोडूक होया." मी म्हणालो, उद्या साहेब येतायत, सुक्या चिखलात रांगा कशा दाखवू? पाचव्या दिवशी तो पुन्हा आला. शेजारच्या कुणग्यांची माणसं त्याला विचारायला लागली होती, दार कित्याक उघडणस नाय. त्यांना तो "उघडतंय, उद्या" असं सांगत होता, हे त्यानेच मला सांगितलं. माझ्याकडे किल्ली आहे हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी पातींची टोकं पांढरी पडली. सातव्या दिवशी पहाटे, कोणी बाहेर पडायच्या आत, मी किल्ली घेऊन धावत गेलो आणि दार उघडलं... उशीर झाला होता. त्याचा तुकडा गेला, आणि शेजारच्या दहा घरांचा मुणगाही अर्धा करपला. साहेब नंतरही आले नाहीत. फक्त अहवाल मागवला.

अहवालात मी लिहिलं, "सूचना देऊनही सदर शेतकऱ्याने पाण्याचा निचरा वेळेवर केला नाही." वाक्य लिहायला मला फार वेळ लागला नाही. इतरांचे अहवालही अशाच वाक्यांनी संपत, पद्धत कधी चुकत नसे, शेतकरी चुके.

गावकऱ्यांनी देवळात बैठक बोलावली आणि मला विचारलं. मी अहवालाची प्रत वाचून दाखवली. भिवा खांबाला टेकून बसला होता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "भिवा, खरा काय रे ह्या?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घालत होतो. तो म्हणाला, "होय. इसारलंय."

दाराची राखण त्या दिवशी दुसऱ्या घराकडे गेली. बाहेर पडल्यावर मी त्याच्या मागे गेलो, तेव्हा त्याने वळून एवढंच म्हटलं, "तुझी नोकरी गेली तर तुझी आवस माझ्या खळ्यात येवन रडतली. ता माझ्यान बघवाचा नाय. लोकांचा काय, वर्षभरात इसारतत."

लोक विसरले नाहीत. मी मात्र ठरवलं होतं की नोकरी कायम झाली की देवळात जाऊन सांगेन. कायम झाली, तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मग दोडामार्गकडे बदली झाली. मग बढती, आणि खोटा अहवाल दिल्याचं कबूल करणं म्हणजे चौकशी. निवृत्त झाल्यावर कसली भीती होती ते मला सांगता येत नाही. दर गणपतीला त्याच्या घरी जायचो, तो पाट मांडायचा, पानाचा डबा पुढे करायचा, आणि सगळं बोलायचो, एवढं एक सोडून. किल्ली मागून घेतली त्या संध्याकाळपासून त्याने मला नावं ठेवणं, थट्टा करणं बंद केलं होतं. ते मला कोणत्याही शिवीहून जड झालं.

तेराव्याला गेलो होतो. जेवणं उरकली होती. परसात पंप चालूच राहिला आणि टाकी भरून पाणी वाहायला लागलं. सुनंदा भिवाच्या नातवावर, आपल्या मुलावर, ओरडली, "मेल्या, आजोबांसारखा इसारलंस मां?" आणि स्वतःच जीभ चावली. आमच्या गावात अजून हेच म्हणतात. काही उघडायचं, बंद करायचं राहिलं की भिवासारखा इसारलो.

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. किल्ली, साहेब, अहवाल, देऊळ. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काका, मोठा मन तुमचा. गेलेल्या माणसाची चूक आपल्या अंगावर घेतास. पण बाबा स्वताच सांगायचे आमका, मी इसारलंय म्हणान. सासूबाईंकापण तांनी तसाच सांगितलेला."

म्हणजे खरं काय ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी पुन्हा सांगू लागलो, तर तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि वयाकडे पाहून समजूत घालावी तशी मान हलवली. म्हणून हे इथे, गावच्या माणसांनी वाचावं म्हणून लिहितो आहे. भिवा विसरला नव्हता.

उठताना तिने एक सांगितलं. शेवटच्या वर्षापर्यंत बाबांची एक सवय गेली नाही म्हणाली. ओहोटी लागली की जेवत असले तरी हात धुऊन उठायचे, काठी घेऊन बांधाकडे जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. तिथे आता शेती नाही, दार कधीच कुजून गेलं. एकदा चुकल्याची धास्ती बसली होती त्यांना, असं घरातल्यांना वाटायचं. त्या सहा दिवसांतही तो प्रत्येक ओहोटीला तिथे जाऊन उभा राहिला होता, मी माझ्या पडवीतून त्याला पाहत होतो.