उरलेला अर्धा दिवस

मोशीच्या पुढं, नाशिक रस्त्याला लागून आक्काबाईंचा प्लॉट आहे. तारेचं कुंपण, एक फाटक आणि आत ओळीनं लावलेल्या दोनचाकी गाड्या. चाकणच्या कंपन्यांच्या बस तिथंच थांबतात. माणसं घरून गाडीवर येतात, गाडी आत लावतात, आक्काबाईंकडून पावती घेतात आणि बसमध्ये बसल्या बसल्या डुलक्या काढतात. पावती वाराच्या रंगाची. सोमवारची हिरवी, मंगळवारची पिवळी. त्यावर ना गाडीचा नंबर, ना माणसाचं नाव. एकदा घेतली की दिवसभर चालते. मधे गाडी काढून कुणी परत आला तर त्याला पुन्हा पैसे पडू नयेत, म्हणून आक्काबाई ती फाडतही नसत.

या प्लॉटवरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे उद्धवराव ढगे. मूळचे जिंतूरकडचे. एक पिशवी घेऊन भोसरीत उतरले तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. कामासाठी पायपीट चालली होती. एका थांब्यावर बसमधून उतरलेल्या माणसानं त्यांच्या हातात स्वतःचा दिवसाचा पास ठेवला. म्हणाला, "मी घरी चाललो, तू फिर दिवसभर." त्या पासावर उद्धवराव एमआयडीसीभर फिरले आणि एका प्रेसशॉपमध्ये चिकटले. तिथून चाकणच्या मोठ्या कंपनीत गेले, पोरीचं लग्न केलं, मोशीत वन आरके घेतलं. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. पण उरलेली वस्तू टाकायची नाही, पुढच्याला द्यायची, हे उद्धवरावांनी तेव्हापासून पक्कं धरलं.

त्यात कंपनीची सवय. शिफ्ट सुटताना मशीन बंद करून जायची नसते. पुढचा ऑपरेटर आला की चालू मशीन त्याच्या हाती द्यायची. उद्धवरावांनी हाच नियम पावतीला लावला. त्यांच्या कंपनीची पहिली शिफ्ट लवकर सुटते. ते प्लॉटवर परत यायचे तेव्हा दुसऱ्या कंपन्यांची दुसरी शिफ्ट बसची वाट बघत असायची. उद्धवराव पावती दाखवून गाडी बाहेर काढायचे आणि फाटकावर दिसेल त्या अनोळखी माणसाला म्हणायचे, "घे भावा, अर्धा दिवस उरलाय."

आधी एकटे उद्धवराव. मग त्यांचं बघून दहा जण. काही महिन्यांत दुपारी फाटकावर माणसं हात पुढं करून उभी राहायला लागली. "काका, पावती?" उद्धवरावांची मान ताठ. कुणाला द्यायची ते चेहरा बघून ठरवायचे. ज्याला मिळायची तो म्हणायचा, "काका, देव बरं करो." साहेबाच्या शिव्या खाऊन आलेल्या माणसाला एवढं ऐकायला मिळालं की घरी जाताना बरं वाटतं. त्याला मी हसणार नाही.

पण फाटकाच्या आत काय चाललं होतं? आक्काबाई मोशीतल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. नवऱ्यानं टाकलं, माहेरी परत आल्या. भावानं हक्कसोडीवर सही घेतली आणि तोंडानं सांगितलं, "तू आहेस तोवर हा तुकडा तुझा." भाऊ गेला. आता सातबारावर भाचा दिग्विजय. त्याला तिथं कंटेनर उभे करणारा भाडेकरू मिळाला होता. त्यानं आत्याला सांगून टाकलं होतं, "पाडव्यापर्यंत बघतो. प्लॉटनं स्वतःची घरपट्टी आन तुझा खर्च काढला तर राहू दे. न्हाईतर कंटेनरवाल्याला शब्द देतो." म्हणजे सही केलेल्या बाईनं भाच्यापुढं परीक्षा द्यायची! बायकांच्या जमिनीच्या हक्कासाठी मी काम करते, या सह्यांवर गावोगाव घसा फोडते. आक्काबाई मात्र घसा फोडत नाहीत. त्या फाटकावर स्टूल टाकून बसतात.

दुपारनंतर गाड्या भरत होत्या आणि गल्ला रिकामा राहत होता. शेवटी एका दुपारी त्यांनी प्रीतम नावाच्या ऑपरेटरला अडवलं. त्याच्या हातात उद्धवरावांनी नुकतीच दिलेली पावती होती. उद्धवरावांनी मला फोन लावला, "ताई, लवकर या. हक्काचा प्रश्न हाय."

हक्क म्हटल्यावर मी थांबते होय! जवळच होते, लगेच गेले. फाटकाबाहेर गर्दी, आत स्टुलावर आक्काबाई.

"ताई, तुम्हीच सांगा," उद्धवराव म्हणाले. "पावती दिवसाची. मी अर्धा दिवस वापरली. उरलेला अर्धा माझा हाय का न्हाई?"

"बरोबर आहे काकांचं," प्रीतम म्हणाला. त्याची बस हॉर्न देत होती.

"तू गाडी लाव आन पळ, तुझी बस जाईल," आक्काबाई त्याला म्हणाल्या. "आजच्या दिवस." मग उद्धवरावांकडं वळल्या. "तुमी शिफ्ट सुटल्यावर मशीन कुणाला देता?"

"पुढच्या ऑपरेटरला."

"कंपनीनं नेमलेल्या, का गेटवर उभा आसंल त्याला?"

"नेमलेल्याला. हे काय विचारणं झालं?"

"आन त्याला कंपनी येगळा पगार देती, का तुमच्याच पगारात दोघं भागवता?"

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. "काका, ब्रेकडाउन झालं!"

उद्धवराव चिडले. "गरिबाला मदत करायलो मी. तुम्हाला काय टोचायलंय?"

"मदत करा की, म्या कुठं हात धरलाय? तुमच्या खिशातनं करा. जागा माझी जाती आन 'देव बरं करो' तुमाला."

"दिवसभराची पावती तुम्हीच काढली ना?"

"व्हय, म्याच. का काढली? तुमाला कंपनीनं ओव्हरटाइमला थांबवलं की तितनं फोन करायचात. आक्का, गाडी राहू द्या, आक्का, उशीर होतोय. म्हनलं, जाऊ द्या, दिवस घ्या आख्खा. एका माणसाला उशीर झाला तर म्हणून दिला. दोन माणसं बसवायला न्हाई."

मी भांडायला आले होते. पण भांडण कुणाशी करायचं ते मला लगेच कळतं. उद्धवरावांना म्हटलं, "तुम्ही बसमध्ये सीटचे पैसे भरता. मधेच उतरलात तर सीट दुसऱ्याला विकता का?"

"विकत न्हाई मी, फुकट देतो!"

"दुसऱ्याचं."

तेवढ्यात दिग्विजयची गाडी आली. काच खाली करून त्यानं प्लॉटवर नजर फिरवली. "आत्या, गाड्या तर मावना झाल्यात. मग घरपट्टीला रडती कशाला? पाडवा जवळ आला, तेव्हा मी कंटेनरवाल्याला बोलावतोय." काच वर करून तो गेला.

कंटेनर आले तर या सगळ्या गाड्या हायवेला, धुळीत आणि टोइंगवाल्याच्या तोंडी. उद्धवरावांनी विचारलं, "आक्का, हे खरं हाय?"

"मग म्या काय हौसंनं आडवते व्हय लोकास्नी?"

"आधी बोलला न्हाईत."

"तुमी आधी विचारलं व्हतं? माझी जागा वाटताना?"

उद्धवराव गाडीला किक मारून गेले. मला वाटलं, हा माणूस आता तोंड दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसमधून उतरले आणि फाटकात उभे राहिले. हात पुढं आले. "काका, पावती?"

"न्हाई. विकत घ्या."

"काय काका, आक्कानं दम दिला का?"

"व्हय, दिला. तुम्हालाबी देतील, रांगेत या."

"कंजूष झाले काका!" "म्हातारपण आलं!" कुणी काय, कुणी काय. उद्धवराव लाल होऊन ऐकत राहिले. आपल्या बसमधल्या माणसांनाही त्यांनी बजावलं, फाटकाबाहेर पावती द्यायची नाही, आक्कांच्या हातात परत द्यायची. दाता म्हणून ज्यांच्यापुढं मिरवले, त्यांच्याच शिव्या खायच्या, आणि तेही फाटक न सोडता. मोर्चात घोषणा द्यायला यापेक्षा कमी छाती लागते, हे मी अनुभवानं सांगते.

महिन्याभरानं एका दुपारी मी तिथं चहा पीत होते. कंत्राटावर काम करणारी करिष्मा स्कूटी घेऊन आली. पर्स घरी राहिलेली, फोन बंद पडलेला, बस सुटायला आलेली. आक्काबाईंनी परत आलेल्या पावत्यांतली वरची काढून तिला दिली. "जा पोरी, लाव आत."

"आत्या, लई उपकार झाले," म्हणत ती पळाली.

उद्धवराव बाजूलाच होते. तोंड आंबट. "आक्का, ती पावती माझी व्हती बरं का. आत्ताच दिली तुम्हाला."

"व्हय की."

"न्हाई, सांगितलं आपलं. तिला म्हणायचं, ढगे काकांची हाय म्हणून."

"पुण्यबी पायजे का पावतीसंगं?"

मला चहाचा ठसका लागला. उद्धवरावही हसले, पण थोडे उशिरा.

पाडव्याला दिग्विजय आला. आदल्या महिन्याच्या गल्ल्यातून स्वतःचा खर्च भागवून उरलेली घरपट्टीची रक्कम आक्काबाईंनी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खिशात घातली, प्लॉटभर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ठीक हाय आत्या. अजून एक वर्ष."

"बरं," आक्काबाई म्हणाल्या, आणि सुट्टी असूनही आलेल्या एका गाडीला जागा दाखवायला उठल्या.